वळण

कुरियरवाला खोर्लीत दोनदा चुकला,
तिसऱ्यांदा त्याने कदंब स्टँडवरून फोन केला.
मी स्कूटर काढली
आणि माझ्यावरचं संकट
मीच सही करून घरी आणलं.

अकरा पानं. कागद जाड, लग्नपत्रिकेचा असतो तसा.
वर ज्या कंपनीचं नाव, ते आमच्या गल्लीत
मासळीवालीच्या मुलाच्या टी-शर्टावरही आहे.

खाली पोदेर पाव भाजतो, वर आम्ही रबर तापवतो,
रेश्मिता, फातिमा आणि मी.
इअरफोन कानात धरून ठेवणारा एक आकडा,
एकशेवीस रुपये जोडी.
पहिली जोडी कायतानसाठी केली होती:
तियात्राचा पडदा वर, त्याचे दोन्ही हात बटणांवर,
आणि इअरफोन घामाने सुटून थेट मांडीवर.
तेव्हा मला पुंडलीक चारी आठवला.
आमची खिडकी बसवायला आला होता,
दिवसभर वाकत होता, शिडी चढत होता,
कानावरची पेन्सिल एकदाही पडली नाही.

एवढंच. एवढीच आमची विद्या.

नोटीस म्हणते: *सदर वळण आमच्या पक्षकारांचे आहे.*
मी तो शब्द पुनःपुन्हा वाचला.
वळण आम्हाला आईने लावलं होतं,
कुणाचं पाच पैशांचंही ठेवून घ्यायचं नाही हे.
तिने ते कुठे नोंदवलं नव्हतं.

पणजीत वकील दुभाषी. आडनावाला जागणारा माणूस,
इंग्रजीतली अकरा पानं त्याने
एका वाक्यात आणली: घाबरवतायत.
मग लढू या?
लढा की. जिंकाल. सात वर्षं धरा, आठ धरा.
त्यांना निकाल नकोच आहे, बाई, त्यांना तारखा हव्यात.
मी म्हटलं, आमचा आकडा त्यांच्या तीन वर्षं आधीचा,
कानामागून आली आणि तिखट झाली, असं लिहा उत्तरात.
तो हसला. म्हणाला, म्हणीला पावती जोडावी लागते.
पावती कुठली? कायतानने पैसे दिले होते
शिवोलीच्या फेस्तात, अंधारात, मोजून.

दुभाषीने फी घेतली नाही.
तेच जास्त लागलं.

सहाशेचाळीस नग. प्रत्येकाचे दोन तुकडे,
समोर साक्षीदार, तुकड्यांचे फोटो.
फातिमा मोजत होती, रेश्मिता पत्रा कापायची कात्री चालवत होती,
तीनशेच्या पुढे तिच्या अंगठ्याला फोड आला
तरी कात्री मला देईना.
पोदेर म्हणाला, भट्टीत टाका.
मग म्हणाला, नको, पावाला वास लागेल.
शेवटी गोणीत भरून ठेवलं, अजून जिन्याखाली आहे.

शनिवारी कायतान आला,
कानाभोवती रबरबँड गुंडाळलेला,
खाली लालभडक वळ.
मी कानाला खडा लावल्याचं त्याला सांगितलं.
*आसूं दी*, म्हणाला, आणि दोन साध्या केबली घेतल्या,
एकीची गरज नव्हती त्याला, ते मला कळत होतं.

सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलंय मी
की सर्व नग, नमुने आणि साचे नष्ट केले.
शंभराचा स्टँप, माझी सही, शिक्का.

एक साचा नाही केला.

स्टुलावर बसवून घेतला होता तो,
शर्वाणीच्या कानात कापूस, वर ओलं प्लास्टर,
हलू नकोस म्हटलं की ती जास्तच हसायची,
म्हणून पाळीजवळ एक चरा आहे.
आता ती बेंगळुरूला असते. फोनवर विचारते,
काय चाललंय, मी म्हणते बरं.

तांदळाच्या डब्यात ठेवलाय, तळाशी,
पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून.
महिनाअखेरीला तांदूळ उतरतात
तेव्हा मापाला लागतो.
डावा कान.